निनावी पत्राचा माग
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात राळेगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नको असलेल्या ई-मेलचा उगम कसा शोधावा व त्याची तक्रार कोठे द्यावी, या विषयावर मी चार शब्द बोलावे अशी मंडळाच्या चिटणिसांनी आज्ञा केली, तेव्हा प्रथम मी नाहीच म्हटले. मी मॅट्रिक झालेला, तालुक्यातील खेडोपाडीच्या शाळांतून मराठी आणि गणित शिकवून निवृत्त झालेला मनुष्य. संगणकाचे शास्त्र शिकण्याचा योग माझ्या वाट्याला आला नाही. परंतु घरी जाता जाता मनात आले की, हा विषय संगणकाचा कमी आणि पत्राचा अधिक आहे. आणि पत्र म्हणजे काय, विशेषतः नको असलेले पत्र म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कोणी नव्याने शिकवावे अशी स्थिती नाही.

येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांपैकी अनेकांना ते दिवस आठवत असतील. सोयरीक ठरत आलेली असावी, सुपारी फुटण्याचा दिवस नेमलेला असावा, आणि दोन दिवस आधी मुलाच्या बापाच्या हाती पोस्टमनने एक पाकीट द्यावे. आत वहीच्या फाटक्या कागदावर चार ओळी. मुलीविषयी काहीबाही लिहिलेले आणि खाली सही, ‘आपला एक हितचिंतक’. या हितचिंतकाने किती घरांची मने मोडली याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. पण त्या काळीही शहाणी माणसे होती. अशा पत्रातील मजकूर ती मागाहून वाचीत. आधी पाकीट उलटेसुलटे करून त्यावरील टपालाचा शिक्का पाहात. पत्र वर्ध्याच्या मनुष्याचे म्हणून आलेले आणि शिक्का मात्र कळंबचा, असे दिसले की अर्धे काम तेथेच होई. लिहिणारा आपले नाव खोटे लिहू शकतो, अक्षर वळवू शकतो. पण टपालखात्याचा शिक्का त्याच्या हाती नसतो. मला आज जे सांगायचे आहे ते सारे या एका गोष्टीत आले. पुढचे बोलणे म्हणजे तिचा विस्तार होय.

याच जातीचा दुसरा एक प्रकार होता, त्याचा उपद्रव तितका नसे. अमुक देवाचे पत्र मिळाले आहे, त्याच्या अकरा प्रती करून अकरा जणांस धाडाव्या, धाडणारास धनलाभ होईल, न धाडणारावर संकट येईल, असे कार्ड येई. आमच्या शाळेतील मुले भीतीपोटी अभ्यास सोडून कार्डे लिहीत बसत. पण पोस्टकार्डाला पैसे पडत, त्यामुळे त्या उपद्रवाला मर्यादा होती. ई-मेलने ती मर्यादा नाहीशी केली. एक पत्र धाडण्यास जो खर्च, तोच जवळजवळ लाख पत्रे धाडण्यास. मे १९७८ मध्ये अमेरिकेत गॅरी थुर्क नावाच्या एका संगणक-विक्रेत्याने आपल्या कंपनीच्या यंत्रांची जाहिरात सुमारे चारशे जणांना एकदम धाडली; न मागितलेल्या ई-मेलचा तो पहिला ज्ञात प्रसंग समजला जातो. अशा पत्रांना पुढे ‘स्पॅम’ हे नाव पडले. ते मुळात डबाबंद मांसाच्या एका प्रकाराचे नाव. इंग्लंडमधील एका विनोदी नाट्यप्रवेशात खाणावळीतील प्रत्येक पदार्थात तेच ते मांस निघते, त्यावरून हा शब्द आला. आपल्याकडे सर्वसामान्य माणसासाठी इंटरनेटचे दार उघडले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाने. पाहुणा घरात आला, तो ही ब्याद बरोबर घेऊनच आला.

आता या पत्रांत दोन भेद आहेत, ते आधी ओळखले पाहिजेत. एक निव्वळ जाहिरात: साड्या, कर्ज, विमा, शिकवणीचे वर्ग. धाडणारा खरा असतो. आपण कधीतरी दुकानात पत्ता देऊन बसलेले असतो. तेथे पत्राच्या वर किंवा तळाशी ‘अनसबस्क्राइब’ म्हणून शब्द असतो, तो दाबावा आणि मोकळे व्हावे. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर पत्रे धाडणाऱ्यांना ही सोय एका दाबासरशी ठेवण्याचे बंधन घातले आहे. दुसरा भेद फसवणुकीचा: बँकेच्या, प्राप्तिकर खात्याच्या, नोकरी देणाऱ्या कंपनीच्या, किंवा आपल्याच एखाद्या नातलगाच्या नावाने आलेले पत्र. तेथे मात्र काहीही दाबू नये, अनसबस्क्राइबसुद्धा नाही. कारण तो शब्दही त्याच लबाडाने लिहिलेला असतो. पहिल्या प्रकाराविषयी याहून अधिक बोलण्यासारखे नाही. दुसऱ्याविषयी बोलू.

पत्रावर धाडणाराचे म्हणून जे नाव दिसते ते खोटे कसे असू शकते, असे पुष्कळ जण विचारतात. उत्तर सोपे आहे. पाकिटावर प्रेषक म्हणून काय लिहावे हे जसे लिहिणारा ठरवितो, तसेच येथेही. ई-मेल पोहोचविण्याचे जे नियम आजही मूळ रूपाने चालतात ते १९८२ साली जोनाथन पोस्टेल या अमेरिकन शास्त्रज्ञाने लिहून काढले. त्या वेळी या जाळ्यावर थोडीच, बहुतेक विद्यापीठांतील व सरकारी प्रयोगशाळांतील, एकमेकांस ओळखणारी माणसे होती. गावात सारे ओळखीचे असले म्हणजे दाराला कुलूप लावीत नाहीत, तसे ते नियम झाले. गाव वाढले, दार मात्र तसेच राहिले.

परंतु शिक्का येथेही उमटतो, आणि तो पाहता येतो. शाळेत किंवा कचेरीत आवक-जावक बारनिशी असते, हे आपल्यापैकी नोकरी केलेल्यांना ठाऊक आहे. कागद आला की तारीख, वेळ, कोणाकडून आला, याची नोंद केल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. ई-मेल आपल्यापर्यंत येताना वाटेत दोन-चार यंत्रांतून जाते. ही यंत्रे म्हणजे टपालकचेऱ्याच. प्रत्येक कचेरी पत्राच्या माथ्यावर आपली आवक-नोंद करते आणि नवी नोंद जुन्या नोंदीच्या वर चढविते. या नोंदींच्या गठ्ठ्यास ‘हेडर’ म्हणतात. साधे पत्र वाचताना तो दिसत नाही, मागावा लागतो. जीमेलमध्ये संगणकावर पत्र उघडून उजव्या बाजूच्या तीन टिंबांवर दाबले की ‘शो ओरिजिनल’ असे शब्द येतात. ते दाबले की सारी बारनिशी पुढ्यात उघडते. मोबाइलवरील जीमेलच्या ॲपमध्ये ही सोय दिलेली नाही, म्हणून त्यासाठी संगणकापाशी बसावे लागते.

प्रथम पाहता घाबरून जावे असा तो मजकूर असतो. सारा इंग्रजी, आकड्यांनी भरलेला. घाबरू नये. त्यात ‘रिसीव्ह्ड’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळी शोधाव्या. त्याच आवक-नोंदी. प्रत्येकीत कोणाकडून आले, कोणी घेतले, केव्हा घेतले हे असते. सर्वांत वरची नोंद आपल्या स्वतःच्या टपालकचेरीची, म्हणजे जीमेल असल्यास गूगलची, ती विश्वसनीय. तेथून एकेक पायरी खाली उतरावे. वरच्या नोंदीत ‘ज्याच्याकडून आले’ असे लिहिलेले आहे, तोच खालच्या नोंदीत ‘घेणारा’ म्हणून आहे का, हे ताडून पाहावे. जेथे ही साखळी तुटली तेथे थांबावे. त्याच्या खालच्या नोंदी लबाडाने आपल्या हाताने लिहून ठेवलेल्या असू शकतात, कारण जुन्या बनावट नोंदी चिकटवून पत्र टाकण्यास कोणी अडवीत नाही. पुष्कळ उत्साही तरुण थेट तळाची ओळ वाचतात आणि ‘सापडला, सापडला’ म्हणून ओरडतात. तळाची ओळ वाचणे म्हणजे चोरानेच लिहून ठेवलेला जबाब वाचणे.

त्या नोंदीत कंसात चार आकड्यांचा एक क्रमांक असतो. उदाहरणार्थ २०३.०.११३.७. (हा क्रमांक मुद्दाम घेतला आहे. शिकविताना उदाहरणे देण्यासाठीच राखून ठेवलेल्या क्रमांकांपैकी तो आहे. तेव्हा कोणी त्याच्या मागे लागू नये.) यास आयपी क्रमांक म्हणतात. हल्ली याहून लांब, अक्षरे मिसळलेला नवा प्रकारही दिसतो. पत्र आणून देणारे यंत्र आपले नाव काहीही सांगो, घेणारी कचेरी त्याचा क्रमांक स्वतः पाहून टिपून घेते. हाच टपालाचा शिक्का. हा क्रमांक कोणत्या कंपनीस दिलेला आहे हे ‘हूइज’ नावाच्या सार्वजनिक नोंदवहीत विनामूल्य पाहता येते. आशिया व पॅसिफिक भागाची नोंदवही ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथील ‘एपनिक’ ही संस्था ठेवते, आणि भारताची ‘इरिन’. त्या नोंदीत तक्रारीसाठी कंपनीचा पत्ताही दिलेला असतो; बहुधा ‘ॲब्यूज’ या शब्दाने त्याची सुरुवात होते. असा पत्ता ठेवावा हा संकेत १९९७ सालापासूनचा आहे. त्या पत्त्यावर साऱ्या हेडरसह पत्र धाडले की ती कंपनी आपल्या घरातील खोडकरास शोधून त्याचे खाते बंद करू शकते. सगळ्याच कंपन्या तितक्या दक्ष असतात असे मी म्हणणार नाही.

याच पानावर जीमेल वरच्या बाजूस आणखी तीन गोष्टी दाखविते: एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क, आणि प्रत्येकीपुढे ‘पास’ किंवा ‘फेल’. परीक्षेच्या निकालासारखेच. यांतील पहिली सांगते की, ज्या कंपनीच्या नावाने पत्र आले तिने आपली पत्रे पोहोचविण्याचा अधिकार ज्या यंत्रांना दिला आहे, त्यांपैकीच हे एक आहे की नाही. दुसरी मला विशेष आवडली, कारण ती आपल्या इतिहासातील आहे. शिवकालीन आणि पेशवेकालीन पत्रांत आरंभी शिक्का आणि मजकूर संपताच मोर्तब उठवीत. हेतू हा की, मागाहून कोणी एक ओळही वाढवू नये. आपण ‘शिक्कामोर्तब’ म्हणतो ते यावरूनच. १७७३ साली नारायणराव पेशव्यांच्या वधाच्या वेळी ‘धरावे’ या शब्दातील ‘ध’ चा ‘मा’ झाला ही आख्यायिका शाळकरी पोरासही पाठ असते. ती खरी की खोटी हा वाद विद्वानांनी करावा. डीकेआयएम हे गणिताने केलेले मोर्तब आहे. मोर्तब केलेल्या मजकुरात वाटेत एका अक्षराचा फरक केला तरी ते जुळत नाही आणि ‘फेल’ असा शेरा येतो. तिसरी, डीमार्क, ही या दोहोंचा मेळ दिसणाऱ्या पत्त्याशी बसतो किंवा नाही ते पाहते. बँकेच्या नावाने पत्र आले आणि येथे ‘फेल’ दिसले, तर ते पत्र बँकेचे नव्हे असे समजून चालावे. परंतु याचा उलट अर्थ घेऊ नये. ‘पास’ म्हणजे पत्र ज्या पत्त्यावरून आलेले दिसते तेथूनच आले, इतकेच. तो पत्ता कोणा सज्जनाचा आहे असे प्रमाणपत्र ते नव्हे.

हे भान आपल्याच समाजात एकदा किती उपयोगी पडले ते सांगतो. गावाचे व व्यक्तींची नावे सांगत नाही; ज्यांना ठाऊक आहे त्यांनी मनात ठेवावे.

आपल्यातील एका प्रतिष्ठित सद्गृहस्थांच्या नावाने तीसएक घरी ई-मेल गेले. मजकूर असा की, मी नागपूरला इस्पितळात आहे, बोलण्याच्या स्थितीत नाही, कृपा करून अमुक खात्यावर पंधरा हजार रुपये धाडावे, आठ दिवसांत परत करतो. दोन-तीन कुटुंबांनी पैसे धाडले. मागाहून कळले की गृहस्थ ठणठणीत असून शेतावर कापूस वेचणीवर देखरेख करीत आहेत. मग जे व्हायचे ते झाले. कोणी म्हणाले, खाते हॅक झाले. कोणी म्हणाले, कसले हॅक, अलीकडे त्यांना पैशाची ओढ होतीच. त्यांच्या मुलीची बोलणी एका ठिकाणी चालू होती. ती मंडळी गप्प झाली. तीन आठवडे त्या घरात चूल पेटत होती एवढेच.

मी आणि माझा शिक्षण घेत असलेला नातू, आम्ही एका घरी जाऊन ते पत्र संगणकावर उघडले. एसपीएफ पास, डीकेआयएम पास, डीमार्कही पास. जमलेल्यांपैकी एक आजोबा म्हणाले, “मास्तर, हे तं सारंच पास हाये. मंग पत्र त्याइचंच नं?” येथेच गोम होती. पत्र खरोखरीच जीमेलच्या एका खात्यावरून आले होते, म्हणून पास. पण ते खाते या गृहस्थांचे नव्हते. मोबाइलवर फक्त नाव दिसते. नावावर बोट ठेवल्यावर पत्ता उघडतो. पत्ता पाहिला तर त्यांच्या खऱ्या पत्त्याहून एक अक्षर जास्त. नाव तेच, छायाचित्र तेच, पत्ता वेगळा. म्हणजे त्यांचे खाते कोणी फोडलेही नव्हते. कोणी त्यांचे सोंग घेतले होते.

तेव्हा आजोबांनी पुन्हा रास्त शंका काढली की, दुसरे खाते त्यांनीच उघडले नसेल कशावरून? मोकळेपणी सांगतो, या प्रश्नाचे उत्तर हेडर देत नाही. जीमेलच्या संकेतस्थळावरून धाडलेल्या पत्रात धाडणाराच्या घरचा क्रमांक गूगल उघड करीत नाही. शिक्का गूगलचाच दिसतो. त्याच्या मागे जाण्याचा अधिकार कायद्याने पोलिसांना आहे, तुम्हां-आम्हांस नाही. ते उत्तर पुढे पोलिसांत तक्रार दिल्यावर मिळाले. पैसे ज्या बँकखात्यात गेले ते दूरच्या एका राज्यातील तिऱ्हाइताचे निघाले. प्रत्यक्ष लिहिणारा कोण, हे आजतागायत समजलेले नाही. परंतु त्या गृहस्थांच्या माथ्यावरील बालंट गेले, आणि थांबलेली बोलणी पुन्हा सुरू झाली. चोर सापडला नाही म्हणून ही खटपट वाया गेली असे ज्यांना वाटते, त्यांनी त्या मुलीच्या आईला विचारावे.

आणि या प्रकरणात एक माग मात्र अगदी स्पष्ट निघाला. या तीस घरांचेच पत्ते त्या लबाडाला कसे मिळाले? एका कुटुंबाने मुलीच्या स्थळांसाठी म्हणून नवे ई-मेल खाते उघडले होते आणि तो पत्ता वधूवर-सूचीशिवाय जगात दुसऱ्या कोणालाही दिलेला नव्हता. पत्र त्या पत्त्यावरही आले. तेव्हा सूची मोबाइलवरून हातोहात फिरत फिरत नको त्या हातात पडली, हे ठरले. घरोघरी करता येण्याजोगी ही युक्ती आहे. जीमेलमध्ये तर नवे खातेही उघडावे लागत नाही. आपल्या पत्त्यातील नावापुढे अधिक चिन्ह लिहून त्यापुढे ‘मंडळ’, ‘बँक’, ‘दुकान’ असा इंग्रजी शब्द जोडला तरी पत्र आपल्याच पेटीत येते, आणि कोणाला दिलेला पत्ता फुटला ते पत्रच सांगते. लबाड तो जोडलेला शब्द गाळूनही टाकू शकतो; तरी प्रत्येक जण तेवढी तसदी घेत नाही.

क्रमांक घरापर्यंत नेतो, माणसापर्यंत नेतोच असे नाही, याचे याहून फार मोठे व दुःखद उदाहरण आपल्या महाराष्ट्रात घडून गेले आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोटांची मालिका झाली, त्यात ५६ माणसे मृत्यू पावली. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचे ई-मेल गेले होते. पोलिसांनी आयपी क्रमांकावरून माग काढला, तो नवी मुंबईत सानपाडा येथील एका इमारतीतील सदनिकेपर्यंत पोहोचला. तेथे एक अमेरिकन गृहस्थ कुटुंबासह राहात होता. त्याचे संगणक तपासले, त्याची कसून चौकशी झाली. निष्पन्न हे झाले की, त्याच्या घरच्या वाय-फायला कुलूप नव्हते. दुसऱ्याच कोणी बाहेरून त्याचा उपयोग करून पत्र धाडले होते. पुढे २३ ऑगस्टचे पत्र माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या जोडणीवरून गेले, आणि १३ सप्टेंबरला दिल्लीच्या स्फोटांच्या वेळचे पत्र चेंबूरमधील एका कंपनीच्या जोडणीवरून. तिन्ही ठिकाणचे धनी या कृत्यापासून अलिप्त होते. ऑक्टोबर २००८ मध्ये मुंबई पोलिसांनी या पत्रांच्या प्रकरणी ज्यांना पकडले त्यांत पुण्यातील संगणक-अभियंतेही होते. विचार करा, सानपाड्याच्या क्रमांकावर थांबून जर निकाल लावला असता, तर? ज्यांच्या घरी वाय-फाय आहे त्यांनी आजच पासवर्ड पाहावा. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या पोरांना तो वाटून ठेवला असेल तर बदलावा. येथे कंजूषपणाचा प्रश्न नाही. उद्या पोलीस आपल्या दारी येतील, त्यांच्या नाही.

आता तक्रारीचे. पैसे गेले असतील तर हेडर वगैरे काही शोधीत बसू नये. तत्क्षणी १९३० या क्रमांकावर फोन करावा, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात आणि वाटेत अडविले तरच अडतात. मग आपल्या बँकेस कळवावे. पैसे गेले नसतील, पण फसवणुकीचा, धमकीचा किंवा बदनामीचा मजकूर असेल, तर केंद्र सरकारच्या ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ या ठिकाणी तक्रार नोंदविता येते. जीमेलमध्ये ‘रिपोर्ट फिशिंग’ हे बटण आहे, तेही दाबावे. त्याने दुसऱ्यांचे रक्षण होते. बनावट संकेतस्थळाकडे नेणारे पत्र असेल, तर दिल्लीच्या ‘सर्ट-इन’ या सरकारी संस्थेस ‘इन्सिडेंट ॲट सर्ट-इन डॉट ओआरजी डॉट इन’ या पत्त्यावर हेडरसह धाडावे. आणि राळेगावचे पोलीस ठाणे आहेच. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरील दर्जाचा अधिकारी करतो. परंतु ‘आमच्या हद्दीत नाही’ म्हणून कोणी परत पाठवू लागल्यास नम्रपणे सांगावे की, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणतीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती घ्यावी लागते. ई-मेलने दिलेली माहितीही चालते. मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. तक्रारीची पोच घेतल्याशिवाय ठाण्याची पायरी उतरू नये.

उशीर करू नये, हे आणखी एका कारणाने. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे कंपन्यांना आपल्या यंत्रांच्या नोंदी १८० दिवस ठेवाव्या लागतात. सहा महिने ‘पाहू, करू’ म्हणण्यात गेले की ती बारनिशी पुसली गेलेली असू शकते.

कायदा कोणता, हे विचारणारे वकीलबंधू सभेत आहेत म्हणून थोडे सांगतो. नुसता त्रास देणारे, किंवा आपला उगम लपविणारे ई-मेल धाडणे हा पूर्वी कलम ६६-अ खाली गुन्हा होता. पण त्या कलमाची शब्दरचना इतकी सैल होती की साध्या मतप्रदर्शनासाठीही माणसे धरली गेली. २०१२ साली आपल्याच राज्यात पालघरला फेसबुकवरील मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम सर्वस्वी रद्द केले, आणि माझ्या अल्प मतीप्रमाणे योग्यच केले. म्हणून आज नुसत्या कटकटीसाठी स्वतंत्र कलम नाही. परंतु दुसऱ्याची ओळख चोरणे आणि दुसऱ्याचे सोंग घेऊन संगणकाद्वारे फसविणे यांस कलम ६६-क आणि ६६-ड प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाखापर्यंत दंड आहे. निनावी धमकीसाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ मध्ये जादा शिक्षा सांगितलेली आहे. आपला ‘हितचिंतक’ त्यात सापडू शकतो.

न्यायालयात मात्र नुसता छापील कागद पुरत नाही. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १४ जुलै २०२० च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केले की, मूळ यंत्रच हजर केले नसेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र जोडलेच पाहिजे. नव्या साक्ष्य अधिनियमात कलम ६३ खाली तीच तरतूद आहे. तेव्हा मूळ पत्र पेटीत जसेच्या तसे असणे हेच सर्वांत मोठे बळ. आपली बायाबापडी भीतीने किंवा लाजेने असे पत्र प्रथम खोडून टाकतात. विशेषतः मुली. त्यांना घरात रागावू नये, म्हणजे त्या पत्र राखून ठेवतील.

आपल्या तालुक्यातील एक चाल मला फार खटकते. शिष्यवृत्तीचा किंवा भरतीचा अर्ज भरण्यासाठी पोरे बसस्थानकाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात जातात. दुकानदार तेथल्या तेथे ई-मेल खाते उघडून देतो, पासवर्ड स्वतःच ठरवितो आणि स्वतःच्या वहीत लिहून ठेवतो. पोराला आपला पत्ताही धड ठाऊक नसतो. दुकानदार सज्जन असतील. मी त्यांना दोष देत नाही. पण अर्ध्या गावाच्या घरांच्या किल्ल्या एका खिळ्याला टांगलेल्या असाव्या, तसे हे झाले. त्या खात्यावरून उद्या भलते पत्र गेले, तर माग काढणारा आपल्या पोराच्या नावापाशी येऊन थांबेल.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवतो. येत्या वर्षीच्या वधूवर-सूचीत कोणाचाही ई-मेल पत्ता, दूरध्वनी किंवा जन्मतारीख छापू नये. नोंदणी-क्रमांक, शिक्षण, गाव एवढेच असावे, आणि संपर्क मंडळाच्या कार्यालयामार्फत व्हावा. कार्यालयाने कोणी कोणाचा पत्ता मागितला याची आवक-जावक बारनिशी ठेवावी. २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठी कायदा केला आहे, त्याच्याशी हे सुसंगतच होईल. काही मंडळी म्हणतील, याने स्थळे जुळण्यास विलंब लागेल. लागेल, दोन-चार दिवसांचा. चिटणिसांनी हा ठराव कार्यकारिणीपुढे मांडावा आणि जे ठरेल ते पुढील अंकात छापावे, अशी विनंती आहे.

दर रविवारी सकाळी नऊ ते अकरा मी आणि माझा नातू मंडळाच्या वाचनालयात संगणकापाशी बसतो. ज्यांना असे पत्र आले असेल त्यांनी खुशाल यावे. मात्र ते पत्र माझ्याकडे नुसते पुढे धाडू नये. पुढे धाडलेल्या पत्रावर मूळचे शिक्के उरत नाहीत, तुमचेच लागतात. ते पेटीत तसेच राहू द्यावे आणि पासवर्ड आठवणीत ठेवून स्वतः यावे.